ओरिनोको नदी आणि नकाशाची साक्ष

भूगोलाच्या पुस्तकांत नदीविषयीं जो पहिला नियम आपण शिकतों तो असा कीं, प्रत्येक नदीचें स्वतःचें खोरें असतें आणि दोन खोऱ्यांच्या मध्यें उंच जमिनीची एक ओळ असते. कौलारू घराच्या आढ्यावर पाऊस पडला म्हणजे त्याचें कांहीं पाणी पुढच्या पाख्यावरून अंगणांत उतरतें व कांहीं मागच्या पाख्यावरून परसांत उतरतें. एकदां वेगळें झालेलें हें पाणी छपरावर पुन्हां एकत्र येत नाहीं. दोन खोऱ्यांमधील अशा आढ्याला जलविभाजक म्हणतात. नियम खरा आहे व जगांतील बहुतेक सर्व नद्या तो पाळतात. परंतु दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागांत एक मोठी नदी अशी आहे कीं, ती आपलें पुष्कळसें पाणी आपल्या वाटेनें समुद्राला नेते आणि कांहीं पाणी मात्र वाटेंतच शेजारच्या खोऱ्याला देऊन टाकते. त्या नदीचें नांव ओरिनोको.

नदीच्या या वर्तनापेक्षांहि अधिक विचार करण्यासारखी एक गोष्ट आहे. नदी जें उघड्यावर करीत होती, तें विद्वानांच्या नकाशांत शिरावयास फार काळ लागला. आणि त्याच काळांत त्याच नकाशांवर जगांत कोठेंहि नसलेलें एक सरोवर मोठ्या दिमाखानें विराजमान झालें होतें. असलेलें नाकारलें गेलें व नसलेलें मानलें गेलें, हें कसें घडलें, याची हकीकत विद्यार्थी मित्रांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. ती जुनी असली तरी संपलेली नाहीं, हें लेखाच्या शेवटीं दिसून येईल.

नदीचा मार्ग

प्रथम नकाशा उघडून नदीची ओळख करून घेऊं. ओरिनोको ही व्हेनेझुएला देशाच्या दक्षिण भागांत, ब्राझिलच्या सीमेवरील पारिमा पर्वतांत, सुमारें ३,४०० फूट उंचीवर उगम पावते. तो प्रदेश इतका दुर्गम आहे कीं, उगमाची नेमकी जागा बाहेरच्या जगाला इ. स. १९५१ सालीं, फ्रेंच व व्हेनेझुएलन मंडळींच्या एका संयुक्त मोहिमेनंतर, निश्चित कळली. उगमापासून मुखापर्यंतचें अंतर सरळ रेषेनें मोजलें तर साडेचारशें मैलांच्या आसपास भरतें. पण नदी स्वतः सुमारें १,३३० मैल चालते. याचें कारण असें कीं, मध्यें गयानाचें पठार आडवें पडलें आहे. पृथ्वीवरील अतिशय जुन्या खडकांचें हें पठार ओलांडणें नदीला शक्य नाहीं. म्हणून ती त्याला वळसा घालते. आधीं वायव्येकडे, मग उत्तरेकडे आणि शेवटीं पूर्वेकडे अशी विळ्याच्या पात्यासारखी वळत ती त्रिनिदाद बेटाच्या दक्षिणेस अटलांटिक महासागराला मिळते.

तिच्या डाव्या बाजूनें ग्वाव्यारे, मेता व आपुरे या नद्या आँडीज पर्वताकडून गढूळ पाणी घेऊन येतात. उजव्या बाजूनें गयानाच्या पठारावरून काउरा, कारोनी इत्यादि नद्या गडद रंगाचें पण निवळ पाणी आणतात. लांबीच्या दृष्टीनें ओरिनोकोचा नंबर बराच खालीं लागतो. परंतु समुद्राला पोंचविलेल्या पाण्याच्या दृष्टीनें ती जगांतील पहिल्या चार-पांच नद्यांत गणली जाते. दर सेकंदाला सरासरीनें सुमारें बारा लाख घनफूट पाणी ती समुद्रांत ओतते.

ग्वाव्यारेच्या संगमानंतर नदी उत्तरेकडे वळते व कोलंबिया आणि व्हेनेझुएला या दोन देशांची सरहद्द होते. येथेंच मायपुरेस व आतुरेस या नांवांच्या प्रचंड खडकाळ उतरणी आहेत. त्या उंच कड्यावरून कोसळणाऱ्या धबधब्यासारख्या नव्हेत. काळ्या खडकांच्या शेंकडों बेटांमधून पाणी फेंसाळत, गर्जना करीत खालीं उतरतें. मोठी नाव तेथून जाऊं शकत नाहीं. म्हणून या उतरणींच्या पायथ्याशीं १९२४ सालीं पुएर्तो आयाकुचो हें शहर वसविण्यांत आलें, व मालाची पुढील वाहतूक जमिनीवरून होऊं लागली. ओरिनोकोचा वरचा भाग बाहेरच्यांना इतकीं वर्षें अज्ञात राहिला, त्याचें मुख्य कारण हाच खडकांचा दरवाजा होय.

त्यापुढें आपुरे नदी मिळते व ओरिनोको पूर्वेकडे वळते. तिच्या डाव्या बाजूस ल्यानोस नांवाचीं विस्तीर्ण गवताळ मैदानें पसरलीं आहेत. सुमारें मे महिन्यापासून पाऊस लागला कीं, हीं मैदानें पाण्याखालीं जातात, गुरें उंचवट्यांवर गोळा होतात आणि माणसें घोड्याऐवजीं होडींतून हिंडतात. डिसेंबर ते एप्रिल या काळांत तीच जमीन भेगाळते व गवत करपून जातें. या फरकाचें माप पाहावयाचें असेल तर सिउदाद बोलिव्हार या शहराशीं यावें. येथें नदीचें पात्र अरुंद होतें, म्हणून या शहराचें जुनें नांव आंगोस्तुरा, म्हणजे अरुंद जागा, असें होतें. उन्हाळ्यांतील नीच पातळी व पावसाळ्यांतील उंच पातळी यांत येथें चाळीस ते पन्नास फुटांचा फरक पडतो. दक्षिण अमेरिकेचा स्वातंत्र्यवीर सिमोन बोलिव्हार यानें १८१९ सालीं आपली प्रसिद्ध प्रतिनिधिसभा याच शहरांत भरविली होती; त्याच्याच स्मरणार्थ १८४६ सालीं शहराचें नांव बदललें. ओरिनोकोवरील पहिला पूलहि येथेंच, १९६७ सालीं, उभा राहिला.

शेवटीं नदी अनेक फांट्यांनीं समुद्राकडे पसरते. या त्रिभुज प्रदेशांत वाराओ लोकांची वस्ती आहे. त्यांचीं घरें पाण्यांत रोंवलेल्या खांबांवर असतात, भिंती बहुधा नसतात, आणि रस्त्याचें काम पाण्याचा फांटा करतो. लहान मूल नीट चालूं लागण्याच्या सुमारासच वल्हें हातीं धरावयास शिकतें. मोरिचे नांवाचें ताडाच्या जातीचें झाड हा त्यांचा जुना आधार आहे. त्याच्या खोडांतून पीठ निघतें, फळ खातां येतें आणि पानांच्या तंतूंपासून दोर व झोळे विणतां येतात.

नसलेलें सरोवर

या नदीची चाहूल युरोपांतील लोकांना प्रथम १४९८ सालीं लागली. आपल्या तिसऱ्या सफरींत कोलंबस त्रिनिदादजवळच्या आखातांत शिरला, तेव्हां समुद्राचें पाणी गोडें लागतें असें त्याच्या खलाशांना आढळून आलें. एवढें गोडें पाणी लहानशा बेटावरून येणें शक्य नाहीं, तें मोठ्या भूखंडावरूनच आलें पाहिजे, असा निष्कर्ष त्यानें काढला. व तो बरोबर होता. परंतु तेवढ्यावर न थांबतां, ही नदी पृथ्वीवरील नंदनवनांतून येत असावी, असेंहि त्यानें लिहून ठेवलें. एकाच माणसाच्या मनांत डोळस तर्क व हवाहवासा वाटणारा भ्रम हे दोन्ही किती शेजारीं शेजारीं नांदतात, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

पुढें सोन्याच्या शोधार्थ माणसें येऊं लागलीं. अंगाला सोन्याची धूळ फांसणारा एक राजा व त्याचें सोन्याचें नगर या प्रदेशांत आहे, अशी वार्ता स्पॅनिश लोकांत पसरली होती. इंग्लंडचा सर वॉल्टर रॅले १५९५ सालीं ओरिनोकोंत शिरला. नगर त्याला दिसलें नाहीं. तथापि परत जाऊन पुढच्याच वर्षीं त्यानें एक पुस्तक प्रसिद्ध केलें व त्यांत एका विशाल सरोवराच्या कांठीं तें नगर असल्याचें वर्णन केलें. नकाशाकारांनीं तें सरोवर लगेच नकाशांवर काढलें, व पारिमा या नांवानें तें दोनशें वर्षांहून अधिक काळ निरनिराळ्या नकाशांवर राहिलें. खुद्द रॅलेला मात्र त्याची फार मोठी किंमत द्यावी लागली. १६१७ सालीं निघालेल्या त्याच्या दुसऱ्या मोहिमेंत ओरिनोकोच्या कांठीं झालेल्या चकमकींत त्याचा मुलगा मारला गेला, आणि रिकाम्या हातानें परतल्यावर १६१८ सालीं त्याचा शिरच्छेद झाला.

सरोवर नव्हतेंच. पावसाळ्यांत पाण्याखालीं जाणाऱ्या एका मैदानाची ऐकीव वार्ता फुगत जाऊन त्याचें सरोवर झालें असावें, असें अनुमान पुढें काढण्यांत आलें. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. सोन्याच्या शोधकांनीं तेथील लोकांना विचारलेंच नव्हतें असें नाहीं. पण जें उत्तर पाहिजे होतें तें मनांत आधींच ठरवून त्यांनीं विचारलें. अशा रीतीनें विचारणारा मनुष्य दुसऱ्याच्या तोंडून आपलेंच बोलणें ऐकत असतो.

असलेली नदी

आतां दुसरी बाजू पाहूं. ओरिनोको आपलें पाणी दक्षिणेकडील रिओ नेग्रो नदीला, म्हणजे पर्यायानें ॲमेझॉन नदीला, कोठें तरी देते, ही गोष्ट त्या भागांतील मूळ रहिवाश्यांना ठाऊक होती. कारण ते त्या वाटेनें होडींतून येत-जात असत. फादर होसे गुमिया नांवाचे जेझुइट मिशनरी ओरिनोकोच्या कांठीं पुष्कळ वर्षें राहिले होते. १७४१ सालीं त्यांनीं या नदीवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. नदीकांठची शेती, मासे, चालीरीति यांविषयीं त्यांत पुष्कळ मोलाची माहिती आहे. परंतु ओरिनोको व ॲमेझॉन यांचा कांहीं संबंध असणें शक्य नाहीं, असें त्यांनीं त्यांत ठामपणें लिहिलें. त्यांचा वावर नदीच्या मधल्या व खालच्या भागांत होता. जेथें फांटा फुटतो तो भाग खडकाळ उतरणींच्या पलीकडे, फार वर आहे.

अवघ्या तीन वर्षांनीं, १७४४ सालीं, त्याच पंथाचे दुसरे मिशनरी फादर मानुएल रोमान ओरिनोकोच्या वरच्या भागांत गेले असतां त्यांना रिओ नेग्रोकडून होडींतून आलेले पोर्तुगीज भेटले. ते गुलाम पकडून नेणारे व्यापारी होते. पोर्तुगीज वसाहतींतून ते ओरिनोकोंत आले तरी कसे, याचें उत्तर एकच होतें. रोमान त्यांच्याबरोबर त्या पाण्याच्या वाटेनें रिओ नेग्रोपर्यंत गेले व त्याच वाटेनें परत आले. ती वाट म्हणजे कासिकियारे नदी होय. आपल्याच सहकाऱ्यानें छापलेलें मत रोमान यांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहून खोडून काढलें. सत्याच्या बाबतींत पंथबंधूचीहि भीड त्यांनीं धरली नाहीं. मात्र याच वाटेनें माणसें बांधून विक्रीस नेलीं जात होतीं, हेंहि विसरतां कामा नये.

याच सुमारास ला काँदामीन हा फ्रेंच शास्त्रज्ञ ॲमेझॉन नदीनें प्रवास करून युरोपांत परतला. या प्रवासांत दोन्ही नद्यांच्या संबंधाविषयीं त्यानें अनेक पुरावे गोळा केले. त्यांतील एक मोठा पुरावा एका मूळ रहिवासी स्त्रीचा होता. ती ओरिनोकोच्या कांठावरील एका मिशन ठाण्यापासून होडीनें निघून थेट ॲमेझॉनच्या मुखाजवळील पारा शहरापर्यंत आली होती. ला काँदामीननें तिच्याशीं बोलून तिची हकीकत विचारून घेतली व पॅरिसच्या विद्वत्सभेंत हा विषय मांडला. तरीहि वाद मिटला नाहीं. १७९८ सालींसुद्धां ब्युआश या नामांकित फ्रेंच नकाशाकारानें, असा संबंध असणें म्हणजे भूगोलाच्या नियमांना सोडून होईल, असें ठरवून दोन्ही नद्यांच्या मध्यें आपल्या नकाशावर डोंगरांची ओळ काढली. जी वाट होडींनीं रोज तुडविली जात होती, तिच्यावर पॅरिसमधील लेखणीनें डोंगर उभा केला!

पंचाहत्तर दिवसांचा प्रवास

या वादाचा निकाल लावण्याचें श्रेय अलेक्झांडर फॉन हंबोल्ट या जर्मन शास्त्रज्ञास आहे. १८०० सालच्या मार्च महिन्याच्या अखेरीस तो व त्याचा फ्रेंच मित्र, वनस्पतिशास्त्रज्ञ एमे बाँप्लां, आपुरे नदीवरून निघाले. हंबोल्ट तेव्हां तीस वर्षांचा होता. त्यांची होडी एकाच झाडाचें खोड कोरून केलेली, सुमारें चाळीस फूट लांब व अवघी तीन फूट रुंद होती. तींत वल्हेकरी, फादर सेआ नांवाचे एक मिशनरी, कोनमापक व तापमापक यंत्रें, वाळविलेल्या वनस्पतींचे गठ्ठे आणि पिंजऱ्यांतील पक्षी व माकडें एवढा परिवार होता.

आतुरेस-मायपुरेसच्या उतरणी ओलांडून ते आताबापो नदीनें वर गेले. मग तेथील तेवीस लोकांनीं ओंडक्यांवरून होडी ओढून जंगलांतून पलीकडच्या नदीवर नेली. या कामास चार दिवस लागले. तेथून रिओ नेग्रोनें ते सान कार्लोस या ठाण्यास आले, आणि १० मे रोजीं तेथून निघून कासिकियारेंत शिरले. या नदीच्या कांठीं मनुष्यवस्ती फार विरळ होती व डांसांचा आणि चिलटांचा त्रास असह्य होता. अन्न संपत आल्यावर मुंग्या घातलेलें पीठहि खावें लागलें. आकाश निरभ्र असेल त्या रात्रीं हंबोल्ट ताऱ्यांची उंची मोजून ठिकाणाचे अक्षांश ठरवीत असे. २१ मेच्या सुमारास त्यांची होडी कासिकियारेंतून बाहेर पडली, आणि समोर पुन्हां ओरिनोको दिसली. आपुरेपासून आंगोस्तुरापर्यंतचा हा सगळा जलप्रवास पंचाहत्तर दिवसांचा झाला.

हंबोल्टनें कासिकियारेचा शोध लावला असें कांहीं पुस्तकांत लिहिलेलें आढळतें. तें बरोबर नाहीं. शोध तेथील लोकांना केव्हांच लागला होता, आणि रोमान यांनींहि तो पाहिला होता. हंबोल्टनें इतकेंच केलें कीं, जाणकारांचें म्हणणें खरें मानून तो त्यांच्या वल्ह्यांच्या भरंवशावर तेथें गेला, आणि तें म्हणणें अक्षांश-रेखांशांच्या भाषेंत मांडलें. ती भाषा कळल्यावर नकाशाकारांना वाद घालण्यास जागा राहिली नाहीं.

या प्रवासांतील आणखी दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. एस्मेराल्दा या ठाण्यांत त्यानें कुरारे नांवाचें बाणाचें विष कसें तयार करतात तें एका जाणत्या कारागिराकडून पाहून घेतलें. तें विष रक्तांत गेलें तरच मारतें, पोटांत गेल्यास अपाय करीत नाहीं, असें त्याला सांगण्यांत आलें; व त्यानें तें चाखूनहि पाहिलें. याच कुरारेचा शुद्ध केलेला अर्क १९४२ सालीं कॅनडांतील माँट्रियल शहरीं शस्त्रक्रियेच्या वेळीं रोग्याचे स्नायू सैल करण्याकरितां वापरण्यांत आला, व भूल देण्याच्या शास्त्रांत नवें युग सुरू झालें. रानांतील माणसांच्या ज्ञानाला अडाणीपणा म्हणून हिणविणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

दुसरी गोष्ट दुःखाची आहे. मायपुरेस येथें एक म्हातारा पोपट होता. त्याचें बोलणें कोणालाच समजत नसे. कारण तो आतुरेस जमातीची भाषा बोलतो व ती जमात आतां उरलेली नाहीं, असें तेथील लोकांनीं हंबोल्टला सांगितलें. एका जमातीची सारी भाषा एका पांखराच्या चोंचीत उरावी, यापेक्षां अधिक शोचनीय तें काय?

असें कां घडतें?

आतां शास्त्राकडे वळूं. एस्मेराल्दाच्या खालीं सुमारें नऊ मैलांवर ओरिनोकोच्या डाव्या कांठांतून कासिकियारे फुटते. समुद्र अद्याप शेंकडों मैल दूर असतांना नदी येथें समुद्रसपाटीपासून अवघी सुमारें चारशें फूट उंच असते. त्यामुळें जमीन जवळजवळ सपाट आहे, आणि आपण ज्या आढ्याविषयीं आरंभीं बोललों तें आढें येथें नाहींच. पाण्याला दोन्ही बाजूंस उतार मिळतो. म्हणून कांहीं पाणी उत्तरेच्या वाटेनें जातें व कांहीं दक्षिणेच्या. आरंभीं कासिकियारे सुमारें तीनशें फूट रुंद असते. पण वाटेंत अनेक ओढे-नद्या मिळून दोनशें मैलांनंतर रिओ नेग्रोशीं पोंचेपर्यंत तिची रुंदी सतराशें फुटांच्या वर जाते. दोन मोठ्या खोऱ्यांना जोडणारा, माणसाचा हात न लागलेला एवढा मोठा जलमार्ग जगांत दुसरा नाहीं.

शास्त्रज्ञ असें मानतात कीं, येथें एक नदी दुसऱ्या नदीचें पाणी हळूहळू बळकावीत आहे. या क्रियेला नदीचौर्य म्हणतात. ओरिनोकोच्या पात्रांत गाळ सांचत गेला, पुराचें पाणी कांठावरून दक्षिणेकडे वाहूं लागलें, आणि अधिक उतार असलेल्या बाजूनें त्याची कायमची वाट पडली, अशी उपपत्ति २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत मांडण्यांत आली आहे. पुष्कळ दीर्घ काळानें ओरिनोकोचा सारा वरचा भाग ॲमेझॉनच्या खोऱ्यांत जाईल असा संभव आहे. पृथ्वीचा नकाशा अजून पुरा झालेला नाहीं, हें येथें डोळ्यांनीं पाहतां येतें.

कासिकियारेच्या एका टोकाचें पाणी निवळ व फिकें, तर दुसऱ्या टोकाचें बिनदुधाच्या कॉफीसारखें काळें असतें. सडलेल्या पानांतील द्रव्यें विरघळल्यानें हा रंग येतो, व असें पाणी आम्लधर्मी असल्यानें त्यांत डांसांची पैदासहि कमी होते. त्यामुळें कांहीं जातींचे मासे या वाटेनें एका खोऱ्यांतून दुसऱ्यांत जातात, तर कांहींना पाण्यांतील हा फरकच भिंतीसारखा अडवितो.

आजचा प्रश्न

ही सर्व हकीकत जुन्या काळाची करमणूक म्हणून सोडून देतां आली असती, तर बरें होतें. परंतु कागदावर रेघ ओढून नदीला हुकूम करण्याची संवय अजून गेलेली नाहीं. १९६६ सालीं ओरिनोकोच्या त्रिभुज प्रदेशांतील मानामो नांवाचा मोठा फांटा बांध घालून अडविण्यांत आला. पूर थांबेल, शेतीला कोरडी जमीन मिळेल, असा हिशेब होता. पण नदीचें गोडें पाणी कमी होतांच समुद्राचें खारें पाणी फांट्यांतून वर चढलें. आणि पाण्याखालीं असलेली जमीन उघडी पडल्यावर ती आम्लधर्मी होऊन शेतीस निकामी ठरली. वाराओ लोकांचे मासे गेले, पिण्याचें पाणी गेलें, व अनेक कुटुंबांना शहरांच्या कडेला जाऊन राहावें लागलें. अलीकडे, देशावर आलेल्या आर्थिक संकटामुळें, हजारों वाराओ सीमा ओलांडून ब्राझिलमध्यें आश्रयास गेले आहेत.

१९८९ सालीं नदीच्या वरच्या भागांतील आमासोनास प्रांतांत खाणकामास बंदी घालण्यांत आली, आणि १९९१ सालीं उगमाचा व कासिकियारेचा प्रदेश संरक्षित म्हणून जाहीर झाला. असें असूनहि चोरून सोनें काढणारे तेथें शिरले आहेत. शिवाय २०१६ सालीं व्हेनेझुएलाच्या सरकारनें ओरिनोकोच्या दक्षिणेकडील सुमारें ४३ हजार चौरस मैलांचा पट्टा खाणींसाठीं मोकळा केला. सोन्याचे बारीक कण गोळा करण्यासाठीं खाणकामगार पारा वापरतात. पारा सोन्याला धरून ठेवतो; मग तापवून तो उडवून देतात. हवेंत गेलेला पारा पावसाबरोबर व सांडलेला पारा ओहळाबरोबर नदींत येतो. तेथें सूक्ष्म जंतु त्याचें अधिक घातक विष करतात. तें लहान माशांतून मोठ्या माशांत व माशांतून माणसांत सांचत जातें. त्यानें मज्जातंतूंना इजा होते, आणि आईच्या पोटांतील मुलालाहि अपाय होतो. म्हणजे रॅलेच्या वेळचें सोन्याचें नगर सांपडलें नाहीं, तरी सोन्याची किंमत चुकती करण्याची पाळी नदीकांठच्या मुलाबाळांवर आली आहे.

नदीचें काय होईल, हें तिच्या कांठीं राहणाऱ्यांना आधीं कळतें. कारण तें त्यांच्या चुलीवर व पाळण्यांत दिसतें. १७४१ सालीं त्यांचें ऐकलें असतें तर एक नकाशा लवकर सुधारला असता. आज त्यांचें ऐकलें नाहीं तर हानि नकाशाची होणार नसून माणसांची होणार आहे.

विद्यार्थी मित्रहो, नकाशा हा भूगोलाचा मोठा आधार आहे. त्याचा अव्हेर करावा असें कोणीहि म्हणणार नाहीं. परंतु नकाशा म्हणजे एक साक्ष आहे, आणि साक्षीदाराला दोन प्रश्न विचारावे लागतात. हें तूं स्वतः पाहिलेंस काय? आणि ज्यांनीं पाहिलें त्यांना विचारलेंस काय? हे दोन प्रश्न नदीपुरतेच नाहींत. वर्तमानपत्रांतील बातमी, पुस्तकांतील विधान, शेजाऱ्याविषयींची कुजबूज या सर्वांना ते लागू आहेत. पालकांसहि विनंति कीं, मुलगा अथवा मुलगी घरीं येऊन "हें कशावरून?" असें विचारील तेव्हां त्या प्रश्नाला उद्धटपणा समजूं नये, त्याच प्रश्नाच्या बळावर कागदावरचा डोंगर हटला आणि खरी नदी नकाशावर आली.

नकाशाची वही उघडून ओरिनोकोच्या उगमापासून बोट ठेवावें व हळूहळू प्रवाहाबरोबर सरकवावें. एस्मेराल्दाच्या थोडें पुढें बोट क्षणभर थांबेल; कारण तेथें वाटा दोन होतात. दोन्ही वाटांनीं समुद्र मिळतो, आणि दोन्ही वाटांवर माणसें राहतात.